टिटवी हजर

कात्रजच्या तलावावर माझी नेमणूक झाली तेव्हा माझा उजवा हात थरथरत होता आणि अख्ख्या पलटणीला ते माहीत होतं. दसरा होऊन आठ दिवस झाले होते. कप्तानाने मला रांगेतून बाहेर काढलं, बंदूक भरायला सांगितली आणि मी निम्मी दारू जमिनीवर सांडली. कारकुनाला त्याने माझ्या नावापुढे खूण करायला लावली. दुसऱ्या दिवशी सूर्य हातभर वर आला तेव्हा मी पर्वतीच्या पायथ्याची छावणी सोडली आणि दक्षिणेची वाट धरली.

कात्रजचं पाणी पेठांतल्या लोकांना सांगावं लागत नाही. रोज घागर बुडवतात त्या हौदात तेच येतं. ते येतं कसं, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसतं. घाटाखाली बांध घालून तलाव केलेला आहे. तिथून जमिनीच्या पोटातून दगडी नळ निघतो, माणूस आतून चालेल एवढा, आणि तो थेट शहरात येतो. त्या वर्षी शहरावर फौज चालून येणार अशी बोलवा होती. तलावाच्या तोंडाशी जो बसेल त्याच्या हातात शहराची तहान, एवढं कुणालाही कळतं, म्हणून तिथे चौकी बसवली होती. मोठी नव्हे. आम्ही चौघे होतो.

जमादार रायाजी आमचे वरिष्ठ. मावळातले, पन्नाशी उलटलेले, डाव्या पायाने जरासे लंगडणारे. हसनखान माझ्याच पलटणीतला शिपाई. त्याचा नेम चांगला आणि जीभ त्याहून तिखट. भिवा बेलदार शिपाई नव्हता. नळाचं दार, गाळ आणि दगड एवढंच त्याचं जग. चौथा मी, मल्हारी, मांजरीचा.

मी पोचलो तेव्हा जमादार बांधावर अनवाणी उभे होते. मी मुजरा केला. त्यांनी माझा उजवा हात हातात घेतला आणि माप बघावं तसा धरून ठेवला. हात थरथरत राहिला.

"कधीपास्नं?"

"तोफ फुटली तवापास्नं."

"किती गेले?"

"तिघं. माझ्या शेजारचे."

"पायात काय हाय?"

"जोडा, जमादार."

"काढ."

मी जोडा काढला. त्यांनी मला बांधाच्या आतल्या अंगाला, पाणी मागे सरून जिथे काळा गाळ उघडा पडला होता तिथे नेऊन उभं केलं. घोट्यापर्यंत पाय आत गेले. गाळ वर कोमट होता, खाली गार. "पाय रोव," ते म्हणाले. "मग कान उघड. हाताकडं बघू नको." आणि मला तिथेच सोडून ते चिलीम भरायला निघून गेले. मला वाटलं म्हातारा चळला आहे. त्याआधी पेठेतल्या वैद्याने मला लेप दिला होता, एका मांत्रिकाने ताईत बांधला होता आणि माझ्या सासऱ्यांनी बोकड कापला होता. चिखलात उभं करणारा हा पहिलाच.

पहिल्या चार दिवसांत काही झालं नाही. पाचव्या दिवशी मी उभा असताना एक खंड्या समोरच्या खुंटावर येऊन बसला. तो पाण्याकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे. त्याने सूर मारला, मासा घेऊन आला, खुंटावर आपटून गिळला आणि पुन्हा पाण्याकडे बघत बसला. त्याचं चालू होतं तोवर मला तोफेची आठवण झाली नव्हती, हे माझ्या नंतर ध्यानात आलं. हाताकडे पाहिलं. थरथर होती, पण थकल्यासारखी. मी तिथेच रडलो. हसनने ते पाहिलं आणि त्याबद्दल तो कधीच काही बोलला नाही. त्याच्यासारख्या माणसाला ते किती जड गेलं असेल, हे मलाच ठाऊक.

आता जमादारांच्या हजेरीबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

दिवसाच्या तिसऱ्या प्रहरी नळाचं दार उघडून गाळ सोडावा लागे. दार तलावाच्या तोंडाशी एका चौकोनी दगडी कुंडीच्या तळाला होतं. एकवीस पायऱ्या खाली. दोघे जण उतरत, भिवा आणि जमादार, पहार घालून दार उचलत आणि अर्ध्या घटकेने पुन्हा बसवत. जागा अरुंद आणि पाण्याने भिजलेली, त्यामुळे हत्यारं वर राहत. खाली पाण्याचा आवाज इतका, की वर तोफ डागली तरी कळायची नाही. म्हणजे ती अर्धी घटका खालचे दोघे आंधळे आणि बहिरे. तेवढ्या वेळापुरते त्यांचे कान म्हणजे बांधावरचा पहारेकरी.

म्हणून जमादारांनी रीत घातली होती. उतरण्याआधी ते कुंडीच्या तोंडाशी उभे राहत आणि पलटणीत घ्यावी तशी हजेरी घेत. नावं मात्र माणसांची नसत.

"टिटवी!"

"हजर!" बांधावरच्याने म्हणायचं, पण ऐकू आली तरच.

"पाणकोंबडी!"

"हजर!"

"खंड्या!"

"हजर!"

"किडा!" म्हणजे गवतातले किडे. "वान्नर!" म्हणजे टेकडीवरच्या करंजांतली वानरं.

एखादा गैरहजर असला तर तसं सांगायचं. एक गैरहजर चालत असे, पाखरालाही कामं असतात. दोन गैरहजर असले तर जमादार थांबत आणि स्वतः बांधावर येत. तीन असले तर दार उघडायचं नाही, शिंग फुंकायचं आणि बंदुका हातात घ्यायच्या. "रानात माणूस दबून बसला की रान श्वास धरतं," ते म्हणत. "आपुन फकस्त हजेरी मांडायची."

बांधावरचा पहारा त्यांनी मला दिला. हसनचा नेम चांगला म्हणून त्याला पलीकडच्या उंबराखाली ठेवलं. मला बांधावर का ठेवलं ते त्यांनी सांगितलं नाही. मला आता कळतं. हजेरी द्यायची म्हणजे रोज अर्धी घटका अनवाणी उभं राहून फक्त ऐकायचं. औषध आणि काम त्यांनी एकाच भांड्यात घालून दिलं होतं.

एक गोष्ट मी त्यांच्यापासून लपवली होती. तोफ फुटली तेव्हा हातच बिघडला असं नव्हतं. माझे कानही गेले होते, पण पुरते नाहीत. माणसाचं बोलणं, ढोल, घोड्याची टाप हे मला ऐकू येई. बारीक आवाज तेवढे जात. पाखरू, किडा, पैंजण. अचानक जात आणि घटका-दोन घटकांनी परत येत. हात दिसतो, तो लपवता येत नाही. कान कुणाला दिसतात? दोन्ही गेले असं कळलं असतं तर कप्तानाने नाव कापलं असतं, आणि मी मांजरीला बापाच्या ओसरीवर बसून माश्या हाकल्या असत्या. मी चोवीस वर्षांचा होतो.

पहिल्या पंधरवड्यात मी तीनदा खोटी हूल उठवली. पहिल्यांदा सुतार पक्ष्याच्या टकटकीने. दुसऱ्यांदा कशाने ते मलाही सांगता आलं नाही. तिसऱ्यांदा माझ्या कानांतून बारीक आवाज गेले होते, सगळं चिडीचूप वाटलं आणि वेळूच्या बेटात काळं काही हललं. मी ओरडलो, "हुकमदार!" पहाऱ्यावर कोण आलं ते विचारायची ती हाळी. कप्तानाच्या इंग्रजीचं पलटणीने घातलेलं लोणचं. उत्तर आलं नाही. मी शिंग फुंकलं. ते धनकवडीच्या चौकीने ऐकलं, तिने आपलं फुंकलं आणि पर्वतीच्या पायथ्याहून एक अख्खी कंपनी अडीच कोस धावत आली. कप्तान घामाने निथळत बांधावर चढला. बेटातून म्हैस बाहेर आली.

कप्तान मोडक्या हिंदुस्तानीत एवढंच बोलला, "एक दफा और. फिर नाम कट."

जमादार पुढे झाले. "साहेब, याचा जिम्मा माझा."

"तुम्हारा?"

"माझा."

हसन पुढे आठ दिवस त्या म्हशीला 'सुभेदारसाहेब' म्हणत होता. ती पाण्यावर आली की उभा राहून सलाम ठोकायचा. मीही हसायचो. पण नाव कटण्याची भीती माझ्या पोटात बसली ती बसलीच. आणि आता माझ्याबरोबर जमादारांचा शब्दही खाली पडणार होता.

त्यानंतर मात्र मी सुधारत गेलो. हे मुद्दाम सांगतो, कारण लोकांना वाटतं शिपाई तुटला की तुटला. रोज पहाटे मी गाळात उभा राही. दुपारी उंबराला पाठ लावून बसे, तिन्हीसांजेला बांधावरचं गवत हाताने उपटे. जमादार विळा देत नसत. "हाताला माती लागू दे," म्हणत. कुठलं पाखरू कुठे बसतं, कुठल्या वेळी काय बोलतं, हे मला तोंडपाठ झालं. टिटवी बांधाच्या खडीत रात्री कुठे बसे ते फक्त मला आणि जमादारांना ठाऊक होतं. हात थांबला. मी बंदूक भरली आणि दारूचा कणही सांडला नाही. एका पंधरवड्यात कान एकदाही गेले नाहीत. मला वाटलं, सुटलो.

त्याच पंधरवड्यात दिवस बिघडत गेले. आधी घाटावरून येणारे लमाणांचे तांडे थांबले. मग शहरातून उलट्या दिशेने गाड्या जाऊ लागल्या. गाडीत बायका, भांडी, देव्हारे, वरून घोंगडी टाकलेली. कुठे चाललात विचारलं तर कुणी गावाचं नाव सांगत नव्हतं. तलावाच्या वरच्या काठाला दोन मेलेली कुत्री सापडली, भाल्याने भोसकलेली. भुंकू नयेत म्हणून कुणीतरी मारली होती. जमादारांनी ती पुरली आणि आम्हाला सांगितलं, "आजपास्नं कुणी एकट्यानं पाण्यावर जायचं न्हाई."

हौदांकडचा कारकून आठवड्याने पाणी बघायला येई. डोक्यावर पागोटं, हातात वेताची काठी. तो त्याही आठवड्यात आला. जमादारांनी त्याला कुत्र्यांचं सांगितलं आणि चार माणसं वाढवून मागितली.

"अहो जमादार," तो म्हणाला, "शहरात माणसं मावेनात म्हणून बाहेर पळतायत आणि आपण माणसं मागताय. पाणी येतंय ना? मग आपण जागे आहात असं आम्ही समजतो."

"आन् थांबलं तर?"

"तर आम्ही उठवायला येऊ."

तो गेल्यावर हसन म्हणाला, "ह्याची काठी शिंगापेक्षा आधी पोचंल."

दुसऱ्या दिवशीचं सगळं मला वेळेसकट आठवतं.

सूर्योदयाला घाटाच्या बाजूला धूर दिसला. बारीक, सरळ. जमादारांनी हसनला पाठवलं. तो पहिला प्रहर संपताना परत आला. ओढ्यात तीन चुली होत्या, त्यांवर माती लोटलेली, आणि खालची राख गरम. माणूस नाही. घोड्यांची लीद होती. ती कुणीतरी पाल्याने झाकली होती.

"किती घोडी?"

"बारा. पंधरा असतील."

भिवाचा पुतण्या त्याची भाकरी घेऊन आला होता, त्याच्याकरवी जमादारांनी धनकवडीला निरोप धाडला. निरोप पोचायला दोन घटका, छावणीत जायला आणखी दोन, आणि तिथून हुकूम सुटायला किती ते देव जाणे. मग त्यांनी दिवसाचं काम लावलं. गाळ सोडायचा की नाही यावर भिवा आणि त्यांचं बोलणं झालं. भिवाचं म्हणणं, कुत्री सापडल्यापासून दोन दिवस गाळ सोडलेला नाही, आज सोडला नाही तर दार चिकटेल आणि शहराचं पाणी आपणच बंद केल्यासारखं होईल. ते खरंच होतं. जमादारांनी मला जवळ बोलावलं.

"हजेरी नीट दे आज. सावकाश घेऊ."

"व्हय."

"हात?"

मी दाखवला. स्थिर होता. ते हसले. फारसं हसत नसत ते. पुढचे दोन दात नव्हते.

दुपार टळली. मी जोडा काढून बांधावर उभा राहिलो. ऊन तिरपं झालं होतं. वारा पडला होता. पाणी काचेसारखं. मी पाय रोवले, डोळे अर्धवट मिटले आणि ऐकायला लागलो.

काही ऐकू आलं नाही.

टिटवी नाही. पाणकोंबडी नाही. गवतात किडा नाही. टेकडीवर वानर नाही. पानसुद्धा हललं नाही. मला भीती वाटली, पण शत्रूची नाही. माझ्या कानांची. मला वाटलं, गेले पुन्हा. पंधरा दिवसांनी, आजच, नेमके गेले.

कुंडीच्या तोंडाशी जमादार आले. भिवा पहार घेऊन मागे. जमादारांचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. माणसाचा आवाज नेहमीच येई, म्हणून त्याने मला काही कळलं नाही.

"टिटवी!"

काय सांगायचं? गैरहजर म्हटलं तर पुढची चारही गैरहजर म्हणावी लागणार. म्हणजे शिंग. म्हणजे कंपनी. आणि मग बेटातून पुन्हा म्हैस. कप्तान माझ्याकडे बघणार नाही, जमादारांकडे बघेल.

"टिटवी!" त्यांनी पुन्हा विचारलं.

पलटणीत एक जुनी खोड असते. मित्र रात्री कुठे गेला, सकाळी रांगेत नाही. त्याचं नाव पुकारलं की शेजारचा आवाज बदलून 'हजर' म्हणतो. आम्ही सगळ्यांनी ते केलं होतं. त्याला खोटं म्हणत नसत, यारी म्हणत. माझ्या तोंडून तो शब्द त्या सवयीने गेला.

"हजर!"

"पाणकोंबडी!"

"हजर!"

"खंड्या!"

"हजर!"

"किडा!"

"हजर!"

"वान्नर!"

"हजर, जमादार!"

त्यांनी हात वर केला. मग पायरीवर पाय ठेवला. लंगडा पाय आधी, नेहमीसारखा. मागून भिवा. त्यांचं पागोटं कडेच्या खाली गेलं ते मी पाहिलं. खाली पाण्याचा गडगडाट सुरू झाला.

मी तसाच उभा होतो. मनाला एक हलकेपणा आला होता, वेळ निभावून नेल्याचा. कान कधी परत येतात ते बघावं म्हणून मी उजव्या हाताची दोन बोटं कानाजवळ नेली आणि एकमेकांवर चोळली.

ती खसखस मला ऐकू आली. स्पष्ट, बारीक, कोरडी.

माझे कान ठीक होते.

त्या क्षणाबद्दल मला पुष्कळांनी विचारलं नाही, कारण पुष्कळांना मी सांगितलेलं नाही. तळपायाखालची माती तीच होती आणि तरी ती सरकली. मी कुंडीकडे बघून ओरडलो, "जमादार! वर या!" खालून फक्त पाणी. मग मी शिंग उचललं आणि फुंकलं. पहिल्यांदा हवा निघाली. दुसऱ्यांदा आवाज. तिसऱ्या फुंकेला धनकवडीने उत्तर दिलं.

ते गवतातून उठले. आधी तीन, मग सगळे. घोडी मागे ठेवून आले होते, तोंडाला फडकी बांधून. कुणाचे होते ते आजवर नक्की कळलेलं नाही. निम्मे सरळ कुंडीकडे धावले. त्यांना माहीत होतं कुठे जायचं ते, आणि कधी तेही. आमची वेळ त्यांनी किती दिवस बघितली होती कोण जाणे.

उंबराखालून हसनची बंदूक वाजली. पुढचा पडला. मी गुडघा टेकला आणि बार काढला. दुसरा पडला. मी पुन्हा भरली. दारू सांडली नाही. हात दगडासारखा होता. याचाच मला नंतर सगळ्यात जास्त राग आला. दोन महिने ज्या हातासाठी झगडलो तो हात नेमका त्या दिवशी उत्तम होता.

"मल्हारी! खाली जा!" हसन ओरडला. "मी धरतो!"

मी बांध उतरलो. पाच जण कुंडीत उतरले होते. पायऱ्यांवर एका वेळी एकच माणूस मावतो, त्यामुळे ते ओळीने होते. त्यांना दार पाडून वरून दगड टाकायचे होते. तळाला जमादार पायरीवर उभे होते, पाठ दाराला, हातात पहार. भिवा त्यांच्या मागे दार उचलून धरून होता, कारण त्याने सोडलं असतं तर ते पडलं असतं आणि वरून दगड आले की शहर कोरडं. तो लढला नाही. तो दार धरून राहिला. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, म्हणून मी लिहितो.

मी मागून तलवार चालवली. दोन पाडले. बाकीच्यांनी वळून पाहिलं आणि वर हसनचा दुसरा बार वाजला. धनकवडीच्या बाजूला शिंगं जवळ येत होती. ते पळाले. येताना माणसं मोजली नव्हती, पण जाताना दिसलं की सहा परत गेले नाहीत.

हे सगळं अर्ध्या घटकेत आटोपलं. गाळ सोडायला लागतो तेवढाच वेळ.

भिवाच्या मानेत वार होता. त्याचे दोन्ही हात दाराच्या कडीत अडकलेले होते, ते मी सोडवले. जमादारांना मी पायरीवर टेकवलं. छातीत भाला घुसून बाहेर निघालेला. पाणी त्यांच्या पायांवरून नळात जात होतं. त्यांनी डोळे उघडले.

"हजेरी," ते म्हणाले. "कोण गैरहजर होतं?"

खोटं बोलायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं.

"समदी, जमादार. समदी गैरहजर होती."

मग त्यांचा हात वर आला आणि माझ्या कानाला लागला. बोटं ओली होती.

"कान?"

"गेले वाटलं. मागंबी जायचे. सांगितलं न्हाई."

"मला सांगायचंस, लेकरा," ते म्हणाले. रागाने नाही. एखादं काम सोपं होतं आणि उगाच अवघड केलं, असं म्हणावं तसं. त्यानंतर ते बोलले नाहीत. कंपनी पोचली तेव्हा सूर्य टेकडीवर दोन हात उरला होता.

कप्तानाने प्रेतं पाहिली, दार पाहिलं, वाहतं पाणी पाहिलं. मला बंदूक भरायला सांगितली. मी भरली. त्याने सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी मला नाईक केलं. खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं. हसनने माझा दंड धरला. त्याने हजेरी ऐकली होती. उंबराखाली तोही होता, त्यालाही रान चिडीचूप वाटलं होतं. "मला वाटलं, तुला ऐकू येतंय, मलाच येत नाही," एवढंच तो मला म्हणाला, पुष्कळ दिवसांनी. म्हणजे ते ओझं दोघांनी वाहिलं.

तिसऱ्या दिवशी कारकून आला. "परवा संध्याकाळी हौदांत पाणी गढूळ आलं," तो म्हणाला. "तांबूस. पेठेतून तक्रारी आहेत. आपल्याकडे काही झालं का?"

हसनने त्याला भिवाच्या हातांचं सांगितलं. त्याने पागोटं काढलं. तेवढं मात्र त्याने केलं, आणि काठी टेकून बराच वेळ कुंडीशी उभा राहिला.

महिन्याने मी मावळात जमादारांच्या घरी गेलो. सगळं सांगायचं ठरवून गेलो होतो. त्यांच्या बायकोने पाणी दिलं, पाट दिला.

"तवा बांधावर कोन होतं?" तिने विचारलं.

"मी."

"मल्हारी का तुमी?"

"व्हय."

"मंग बरं," ती म्हणाली. "तुमचं नाव घ्यायचे. म्हनायचे, माझे कान हाईत त्यो."

मी पाणी प्यालो आणि परत आलो. मला सांगता आलं नाही. तिला जाऊन आता बारा वर्षं झाली, म्हणून इथे लिहितो.

आता शहरातल्या वाड्यावर इंग्रजांचं निशाण आहे. माझी पलटण नाही, कप्तान नाही, हसन मागल्या वर्षी त्याच्या लेकीच्या घरी वारला. मी मांजरीला नदीकाठी राहतो. थोडा ऊस आहे, दोन बैल आहेत. पुष्कळ जण माझ्याकडे येतात. कुणाची झोप उडालेली, कुणाचं मन ठिकाणावर नसलेलं. मी त्यांना जोडा काढायला लावतो आणि नदीच्या गाळात उभं करतो. गुण येतो. जमादारांचं औषध खरं होतं, त्यात माझ्यामुळे खोट आली नाही. फक्त एक पथ्य मी जास्तीचं सांगतो. जे ऐकू येत नाही, ते ऐकू येत नाही म्हणून सांगा. आपल्यात काही बिघडलं असेल तर तेही सांगा. लाज ठेवू नका.

रोज तिसऱ्या प्रहरी मी स्वतः काठावर अनवाणी उभा राहतो आणि हजेरी घेतो. बायको हसते. तिला सवय झाली आहे. टिटवी. असली तर हजर, नसली तर गैरहजर. पाणकोंबडी, खंड्या, किडा. वानरं इकडे नाहीत, त्यांची रोजची गैरहजेरी मांडतो. शेवटी दोन नावं घेतो. भिवा बेलदार. जमादार रायाजी.

मी थांबतो. पुरेसा वेळ थांबतो. माझे कान आता म्हातारपणाने गेले आहेत, म्हणून दोन बोटं चोळून पाहतो आणि काही ऐकू येत नाही. तरी त्या दोन नावांपुढे काय म्हणायचं ते मला पक्कं ठाऊक आहे, आणि ते मी मोठ्याने म्हणतो.

गैरहजर, जमादार.